चोविसाव्या वर्षाचं नाणं

वहिनी, मी मुंबईला निघालो त्या सकाळी लोहाऱ्याच्या एसटीपर्यंत पोचवायला तुम्हीच आला होतात. आई माकणीतच उंबऱ्याशी थांबली, गळ्यातलं भोकाचं पितळी जपानी नाणं मुठीत धरून. ब्रह्मदेशच्या लढाईत मेलेल्या दादाच्या हातातलं ते नाणं, असं सांगून त्याचा फौजेतला सोबती गणपा घेऊन आला होता. चव्वेचाळीसला दादा बेपत्ता झाल्याची तार आली. देह मिळाला नाही तर बारा वर्षं वाट पाहायची, हा आपल्याकडचा रिवाज. गणपाच्या नाण्यानं ती मधेच संपली. दर्भाचा पुतळा जाळला आणि तुमच्या बांगड्या फोडल्या.

मुंबईत मला जुन्या नाण्यांचा नाद लागला. फोर्टातल्या एका म्हाताऱ्या पारशी नाणेवाल्यानं जपानी साल लावायला शिकवलं. बादशहा गादीवर बसला तिथून त्यांची वर्षं चालतात. आपण शकात अठ्ठ्याहत्तर मिळवतो, तसे तेव्हाच्या बादशहाच्या वर्षात एकोणीसशे पंचवीस मिळवायचे. आकड्यांची दहा-बारा चिन्हं पाठ झाली आणि मला शिंगं फुटली.

मग तुमचा पाट ठरल्याचं पत्र आलं. माणूस तेरचा, शेती बरी. मी भिंग घेऊनच गावी आलो. खोटं कशाला बोलू, पाटापेक्षा मला नाण्याचीच घाई होती. चारचौघांत मी चोवीसचा आकडा वाचला आणि मोठ्यानं सांगितलं, हे एकोणपन्नास सालचं, दादानंतर पाच वर्षांनी पाडलेलं. गणपा खोटा पडला. मला गुदगुल्या झाल्या.

त्यानं मान खाली घालून कबूल केलं. "वैनी कुठवर वाट बघंल, म्हून म्या मुंबैच्या गोदीतल्या खलाशाकडनं घेतलं हुतं."

आईला ते पटलं नाही. "तवा खोटं बोलला, आत्ता कशावरनं खरं? नाणं माझ्या लेकाचंच हाय. एकुणपन्नासला जित्ता हुता त्यो."

पाट मोडला. त्याच दिवशी आईनं तुम्हाला कुंकू लावलं, हिरव्या बांगड्या भरल्या. तेरच्या माणसानं दुसरीकडं सोयरीक केली. मी चार समजुतीचे शब्द बोललो आणि सुट्टी संपली म्हणून निघून आलो.

आई गेली तेव्हा वाटलं, आता तरी तुम्ही मोकळ्या. तेराव्याला तुम्ही मला बाजूला बोलावलंत.

"भावजी, त्ये साल बरुबर वाचलं न्हवं तुमी?"

मी व्हय म्हणालो. तुम्ही हसलात, नव्या नवरीसारख्या.

इथं लोक मला घर कुठलं म्हणून विचारतात. मी माकणी सांगतो. पण तुमचं ते हसू तिथं आहे तोवर मला त्या दारात उभं राहवणार नाही.