नाव, विषय आणि कोटा

वाघमारे सर नव्या माणसाला भेटले की स्वतःबद्दल तीन गोष्टी एका दमात सांगून टाकत. "मी वाघमारे. फिजिक्स. एस.सी. कोटा. चहा घेणार?" समोरचा गोंधळायचा. नाव आणि विषय ठीक, पण तिसऱ्या गोष्टीवर काय बोलायचं? काही जण "छान" म्हणत आणि मग आपणच ओशाळत. बिदरकडच्या हुमनाबाद तालुक्यातल्या आमच्या पी.यू., म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात ते बदलून आले, त्या दिवशी माझंही तेच झालं. शेवटी मी विचारलं, "सर, हे सांगायची गरज काय?"

"न सांगितलं तर लोक माझ्या माघारी चौकशा करत बसतात, अक्का. त्यांचा वेळ जातो. लेकरांचे तास बुडतात."

वेळापत्रक माझ्याकडे असल्यामुळे माणसं मला तासांवरून कळतात. जेवणानंतरचा तास कुणालाच नको असतो. तो टाळण्यासाठी लोकांनी मला लग्नपत्रिका दाखवल्या आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या दाखवल्या आहेत. वाघमारे सरांनी तो आपणहून मागून घेतला. म्हणाले, "झोपाळू पोरं बरी. घोरतात, पण भांडत न्हाईत." त्यांच्या तासाला कुणी झोपत मात्र नसे. रोज ते काहीतरी घेऊन वर्गात शिरत. कधी विहिरीवरची कप्पी, कधी सायकलची चेन, एकदा तर घरचा कुकर. त्या दिवशी त्यांच्या घरी वरण शिजलं नाही, ही तक्रार त्यांच्या मंडळींनी माझ्याकडे केली.

डब्याच्या सुटीत त्यांची आणि गणिताच्या बिराजदार सरांची रोज जुंपायची. नियम ठरलेला होता. ज्याला उत्तर सुचणार नाही, त्यानं आपल्या डब्यातला चांगला पदार्थ समोरच्याकडे सरकवायचा. बिराजदारांची सासुरवाडी खटकचिंचोळीची, आणि तिथून येणारी शेंगांची चटणी हा खरा मोठा मुद्दा होता.

"ओ वाघमारे, अजून किती पिढ्या घेणार सवलत?"

"तुमच्या घरी मास्तरकी किती पिढ्या हाय?"

"आजोबांपासून."

"आमच्यात शाळंत गेलेला मी पयला. जरा थांबा की. नातवाला विचारून सांगतो."

चटणी सरकायची.

पण चटणी एकाच बाजूला जायची असं नाही. एकदा बिराजदार म्हणाले, "तुमचा पोरगा इंजिनिअर झाला, दारात गाडी हाय. त्याला कामून पाहिजे कोटा? तुमच्याच समाजातल्या हळ्ळीखेडच्या मजुराच्या पोरीला द्या की." वाघमारे सरांनी तोंडातला घास संपवला. मग म्हणाले, "हे बराबर बोललात," आणि सगळी वांग्याची भाजी तिकडे गेली. हरले म्हणून त्यांचं तोंड कधी उतरलं नाही. जिंकले म्हणून आवाजही चढला नाही.

आमच्या व्यापारी घरात कोटा हा नेहमी दुसऱ्यांचा विषय असायचा. तो आमच्या घरात आला माझ्या मुलीबरोबर. बिदर-कलबुर्गीचा भाग कर्नाटकात मागे राहिला, म्हणून इथल्या रहिवाशांसाठी वेगळ्या जागा आहेत. जात कुठलीही चालते. इथलं असल्याचा दाखला लागतो. घटनेच्या कलमाच्या आकड्यावरून लोक त्याला 'तीनशे एकाहत्तर जे' म्हणतात. अक्षताला बेंगळुरूला मेडिकलची जागा त्यातून मिळाली. आम्ही गल्लीभर पेढे वाटले.

दसऱ्याला ती घरी आली ती सगळी पुस्तकं घेऊनच. चार दिवसांच्या सुटीला कुणी इतकी पुस्तकं आणत नाही. विचारलं तर म्हणाली, "अव्वा, मी परत जाणार न्हाई. इथंच बी.एस्सी. करते." हळूहळू बाकीचं बाहेर आलं. तिनं तिकडे आपण बेंगळुरूच्याच असल्याचं सांगितलं होतं. पण तोंड उघडलं की आमचं बिदरचं कन्नड बाहेर पडतं, त्यात अर्धी मराठी, पाव उर्दू. वर्गात ती एकदा काही विचारायला उभी राहिली आणि मागून कुणीतरी म्हणालं, "बसा, एच.के. कोटा." एच.के. म्हणजे हैद्राबाद-कर्नाटक, आमच्या भागाचं जुनं नाव. त्यानंतर तिनं तोंडच उघडलं नव्हतं. अंतर्गत परीक्षेत ती नापास झाली होती.

मी दोन्ही सरांना घरी बोलावलं, दोघांनीही तिला शिकवलं होतं. बिराजदार सर ऐकता ऐकता खुर्चीच्या कडेवर आले.

"आमच्या पोरीला कोटावाली म्हणतात? त्यांच्याकडं गल्लोगल्ली क्लास. आमच्याकडं प्रयोगशाळेला कुलूप, बस आली तर आली. शंभर वर्षं कुणी विचारलं न्हाई आम्हाला! मार्क काय हवेतून पडतात? कुठून पळायला सुरुवात केली ते बघायला नको?"

वाघमारे सरांनी बशी खाली ठेवली. "बिराजदार, पुन्हा एकदा म्हणा. जरा सावकाश. माझा मुद्दा इतका झकास मला जल्मात मांडता आला न्हाई."

माझे यजमान खोकल्याचं निमित्त करून आत गेले. रडवेली अक्षतासुद्धा फिसकन हसली. मग बिराजदारही हसायला लागले आणि म्हणाले, "चटणी घरी राहिलीय हो. उद्या देतो."

"राहू द्या. आजचा डाव फुकट," म्हणून वाघमारे सर अक्षताकडे वळले. "तुझं अन् माझं एकच हाय असं म्हणणार न्हाई मी, बाई. तू घरी आलीस की तुझं संपतं. माझं घरापासून सुरू व्हायचं. पण काटा तो काटाच. आता माझी चूक ऐक. गुलबर्ग्याला एम.एस्सी. करताना दोन वर्षं मी वर्गात एक प्रश्न विचारला न्हाई. दुसऱ्याचा प्रश्न येड्यासारखा निघाला तर तो एकटा येडा ठरायचा. माझा निघाला तर आमची अख्खी जात. म्हणून गप बसलो. पास झालो, चांगला झालो. पण निम्मं फिजिक्स मला कळलं ते नोकरी लागल्यावर, पोरांना शिकवताना. कोट्यानं मला बाकावर बसवलं, अन् मीच तोंडाला कुलूप लावून घेतलं."

"मग काय करू, सर?"

"परत जा. अन् भर वर्गात एक येडा प्रश्न विचार. शहाणा नको, शहाणा कुणीबी विचारतंय. मी जानेवारीअखेर रिटायर व्हायलोय. त्याच्या आत विचार."

ती गेली. पण त्यानंतर दर सोमवारी सर मला विचारत, "विचारला का?" मी 'नाही' म्हणून मान हलवी. दिवाळी झाली, नाताळ झाला. फोनवर ती म्हणे, "उठते अव्वा, पण पाय कापतात." सर म्हणत, "कापू द्या. पाय कापले तर कापले, सीट सोडू नको म्हणावं." मला मात्र तिच्या प्रत्येक फोनला वाटे, आता 'येते' म्हणते की काय.

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी सरांचा निरोप समारंभ होता. कार्यक्रमाचा क्रम मीच ठरवलेला: स्वागत, शाल, चार भाषणं, उपमा. प्रिन्सिपॉल बोलत असताना माझा फोन थरथरला. अक्षता होती. मी फोन घेऊन थेट व्यासपीठावरच गेले. आमच्या कॉलेजात असं कुणी करत नाही. गळ्यातला झेंडूचा हार बाजूला सारत सरांनी फोन कानाला लावला.

"विचारलास? ... हसले? ... हसू दे. सर काय म्हणाले?... थांब थांब. त्याच्या आधी प्रश्न काय होता ते सांग."

प्रिन्सिपॉल कागद हातात धरून थांबले. सरांनी फोनवर हात ठेवून आम्हाला सांगितलं, "कोपराला दणका बसला की मुंग्या करंगळीलाच कामून येतात, अंगठ्याला कामून न्हाई, असं विचारलं म्हणे तिनं."

बिराजदार पहिल्या रांगेतून ओरडले, "अन् उत्तर?"

"सांगायलीय, सांगायलीय. एक शीर हाय... कोपराच्या मागून, हाडाला घासून जाती... अन् थेट करंगळीत उतरती." बोलता बोलता त्यांनी टेबलाच्या कडेवर आपलं कोपर आपटलं. डोळे मिटले, चेहरा वाकडा झाला, मग एकदम उजळला. "व्हय की! करंगळीच!"

त्यानंतर माझा कार्यक्रम माझ्या हातात राहिला नाही. पोरं बाकांवर कोपरं आपटायला लागली, बिराजदार खुर्चीच्या हातावर. राहिलेली भाषणं कुणी केली नाहीत. सर हार सांभाळत, कोपर चोळत, फोनवर अक्षताला विचारत होते, "बरं, अन् करंगळीच्या शेजारच्या बोटाचं काय? अर्धंच बधिर झालंय माझं. उद्या विचार त्यांना."