दोघी लागतात

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. चहाला चार नर्सेस बसल्या की प्रत्येकीचा हात आधी कमरेवर जातो आणि मग तोंड सुटतं!

मी कडेगावच्या एका दवाखान्यात स्टाफ नर्स. नवरा फौजेत, मुलगी पुण्याला हॉस्टेलवर. घरी आवाज करणारा एकच, फ्रीज! त्यात कमरेनं दगा दिला. मेट्रन म्हणाल्या, "कंबर सुधारली नाही, तर तुला वॉर्डातून काढून स्टोअरला बसवते." स्टोअरमध्ये माणूस नाही, नुसती सलाईनची खोकी! मला रडूच आलं. वॉर्ड गेला असता, तर दिवसभरात माझ्याशी बोलणारं कुणी उरलं नसतं.

*

मग सांगलीहून एक फिजिओथेरपिस्ट आली. चुणचुणीत पोरगी. तिचा पहिला नियम, "पेशंटला एकटीनं हलवायचं नाही. दोघींनी दोन बाजूंनी चादर धरायची, गुडघे वाकवायचे आणि एक-दोन-तीन!" दुसरा नियम, आपण वाकायचं नाही, कॉट कमरेइतकी वर घ्यायची.

कॉट वर घ्यायचं हँडल शोधलं, तर ते वॉर्डाच्या दाराखाली! माझी ड्युटीची जोडीदार, कुंडल गावची कल्पना, त्यानं दार अडवून ठेवायची. हँडल फिरवलं, कॉट करकरत वर निघाली. वर झोपलेले तात्या दोन्ही हातांनी गादी धरून ओरडले, "आवं बाई, बास! पंख्याला लावताय का काय?"

*

व्यायामाची तऱ्हा वेगळीच. चटईवर उताणं झोपायचं, गुडघे वाकवायचे आणि कंबर वर उचलायची. ड्युटी रूममध्ये मी ते करत होते. एका पेशंटच्या मामांनी दारातून बघितलं आणि बोंब ठोकली, "आरं पळा, सिस्टरला आकडी आली!"

मी काही बोलायच्या आत तांब्याभर पाणी माझ्या तोंडावर!

कल्पना हसून बेजार. "कमरेचं म्हाईत न्हाई, पण आंघोळ झाली बघ!"

*

घरी नवरा व्हिडिओ कॉलवर व्यायाम करून घ्यायचा. फौजी माणूस, पीटीची सवय! "कंबर वर! मी सांगितल्याबिगर सोडायची न्हाई!"

मी कंबर उचलली आणि नेटवर्क गेलं. स्क्रीनवर तो तोंड उघडा ठेवून थिजलेला. मीही तशीच, कंबर वर धरून. सोडता आली असती की! पण सोडली असती, तर खोली अगदीच रिकामी वाटली असती.

मग त्याचा साधा फोन आला. "अगं, सोडलीस का न्हाई?"

"तुम्ही कुठं सांगितलंत?" मी म्हणाले.

*

कंबर हळूहळू ताळ्यावर आली. मेट्रननी मला वाकवून, वळवून बघितलं आणि म्हणाल्या, "राहा वॉर्डातच." त्या दिवशी मी पेढे वाटले.

पण खरा किस्सा साळूआजींचा. मांडीचं हाड मोडलं म्हणून आलेल्या. मुलगा लोणंदला कंपनीत, दर रविवारी येणार असायचा. आजींची कूस बदलायला आम्ही दोघी जायला लागलो, तशा त्या खूश. "ह्यो नियम लय ब्येस! आधी एक यायची, आता दोन लेकी येत्यात."

एका दुपारी मी पडद्याआड उभी होते. आजी आपल्या आपण कुशीवर वळल्या. हात लांब करून स्टुलावरचा तांब्या घेतला, पाणी प्यायल्या. पुन्हा उताण्या झाल्या, पांघरूण नीट केलं, अंग सैल सोडलं आणि कण्हत हाक मारली, "सिस्टर, कूस बदलायची हाय गं!"

मी वळून हाक दिली, "कल्पना, ये गं. दोघी लागतात."

आम्ही चादर धरली, गुडघे वाकवले. एक... दोन... तीन म्हणायच्या आत आजी वळल्यासुद्धा!

कल्पना हरखली. "बघितलंस? पद्धतशीर धरलं की पेशंट कसा फुलासारखा हलका लागतो!"

"व्हय गं बाई," भिंतीकडं तोंड करून आजी म्हणाल्या, "एकटीला न्हाई जमत."