नळ विसळलेलं पाणी

गल्लीतल्या चेंबरचं झाकण उघडून महापालिकेची एक मुलगी दोरीला बांधलेली बाटली आत सोडत होती. बाटली वर आली तेव्हा तिच्यातलं पाणी वेलचीच्या सालासारखं फिकट हिरवं होतं. मी दारात उभा राहून परक्यासारखा बघत होतो. खरं तर त्या हिरव्याशी माझी वीस वर्षांची ओळख. शेजारच्याच माझ्या शेडमध्ये नळांना निकेलचा मुलामा चढतो, आणि मुलाम्याच्या टाकीतून काढलेले नळ ज्या पाण्यात विसळतो, ते मी मोरीत सोडून देतो.

"काका, सांडपाण्याच्या प्लँटमध्ये मैला कुजतो, पण धातू कुजत नाही," ती म्हणाली. "गाळात बसून राहतो. तो गाळ मग शेताच्याही कामाचा राहत नाही. हे येतं कुठून?"

बसून राहणं म्हणजे काय, ते मला नीट कळलं. लेकीच्या बाळंतपणाला बायको परगावी गेल्यापासून मीही घरात तसाच बसून आहे. घरातला प्रत्येक नळ चकाकतो आणि प्रत्येकात माझंच लांबुळकं तोंड दिसतं. बायको म्हणते, "सगळ्याला चकाकी आणलीत, तुम्ही तेवढे राहिलात."

वरच्या गल्लीतल्या मुलाम्याच्या शेडकडे बोट दाखवणं सोपं होतं. पण मग ती तिकडे निघून गेली असती.

"माझ्याकडूनच येतं," मी म्हणालो. "आत या, दाखवतो."

तिनं वहीत लिहून घेतलं. "नोटीस द्यायला परत यावं लागेल, काका."

"या की," मी म्हणालो. "तेव्हा चहा घेऊनच जा."