बाटलीवरचं दुसरं नाव

बार्देलांच्या तळघराच्या दाराशी जुन्या लेबलांची एक रांग काचेत लावलेली आहे. सर्वांत जुनं बार्देल-प्रेव्हो, मग बार्देल-जिले, आणि शेवटचं बार्देल-कोले. कूर्व्हो गावात शॅम्पेन करणाऱ्या घरांची ही रीतच आहे. पहिलं नाव घराण्याचं, दुसरं सुनेच्या माहेरचं. सून माहेरचा द्राक्षमळा घेऊन येते. त्या मळ्याचा रस घरच्या बाटलीत उतरला की तिच्या वडिलांचं नाव लेबलावर चढतं.

मारीझ लामी लग्न होऊन या घरात आली, तेव्हा तिनेही मळा आणला होता. पण तो उत्तरेच्या उतारावर, जंगलाच्या सावलीत. तिचे वडील फेर्नां आठवडाभर दुसऱ्यांच्या वेली छाटायचे आणि रविवारी स्वतःच्या. तिथली द्राक्षं इतकी आंबट, की गावाने त्या तुकड्याचं नावच 'व्हिनेगर' पाडलं होतं.

लग्नाच्या जेवणातच सासूबाई युगेत यांनी सांगून टाकलं, "मारीझ, तुझ्या व्हिनेगरचा रस ज्या दिवशी आमच्या बाटलीत जाईल, त्या दिवशी तुझं नाव लागेल. तोवर माझंच राहू दे. कोले काही वाईट दिसत नाही."

सगळे हसले. फेर्नांही हसले, पण त्यांनी खाली ठेवलेला ग्लास पुन्हा उचलला नाही. ते मारीझने पाहिलं, आणि लामी हे नाव त्या बाटलीवर आणायचंच, असं तिने तिथेच ठरवलं.

संसार सुरू झाला. ती नवऱ्याबरोबर, रेमीबरोबर, खडूच्या दगडात खोदलेल्या तळघरात उतरायची, फळ्यांत तिरप्या खोचलेल्या बाटल्या थोड्या थोड्या फिरवून गाळ तोंडाशी आणायची. तोडणीला आलेल्या मजुरांना डुकराचं मांस आणि कोबी शिजवून वाढायची. लवकरच बाटल्या फिरवण्यात तिचा हात रेमीपेक्षा चपळ झाला. पण तिच्या तुकड्यातली द्राक्षं दरवर्षी सर्वांत शेवटी तोडली जायची आणि परभारे व्यापाऱ्याच्या गाडीत चढायची.

शेजारचा गास्तों कुंपणावरून हाक मारायचा, "काय व्हिनेगरवाली, यंदा किती गावांच्या सॅलडवर शिंपडायची सोय झाली?"

"तुझ्या जिभेपुरतं वेगळं काढलंय रे, गास्तों. ती जरा धुवायला झालीय."

फेर्नां वारले, आणि चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या दफनभूमीत त्यांना पुरलं. त्यानंतर रेमी एकदा चाचरत म्हणाला, "मारीझ, त्या वेली काढून टाकायच्या का? उगीच तुझे कष्ट."

"आधी मला उपट, मग वेली उपट," ती म्हणाली आणि कात्री घेऊन उतारावर गेली. रेमीने पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढे हवाच बदलत गेली. सप्टेंबर सरताना होणारी तोडणी ऑगस्टमध्ये येऊन ठेपली. दक्षिणेच्या उतारावरची द्राक्षं साखरेसारखी गोड होऊ लागली आणि सुरुवातीला सगळे खूश झाले. पण बुडबुड्यांच्या वाईनला कणा लागतो, आणि तो कणा आंबटपणाचा असतो. एका वर्षी तर उन्हाने घडच भाजले. त्या वर्षी मारीझने व्यापाऱ्याची गाडी रिकामी परत पाठवली आणि आपला रस एका लहान पिंपात ठेवला. युगेतबाईंनी ते पाहिलं आणि पिंपाला वळसा घालून पुढे गेल्या.

वसंतात नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरातल्या टेबलावर चव घ्यायला बैठक झाली. कुठल्या पिंपातलं किती मिसळायचं, हे ठरवायचा मान युगेतबाईंचा. वय झालं होतं, पण जीभ शाबूत होती. त्यांनी पहिला ग्लास दूर सारला. दुसरा सारला. तिसरा थेट मोरीत ओतला.

"हे काय आहे, रेमी? वाईन आहे की जॅमचं पाणी? ही बाटलीत तीन वर्षं झोपली ना, तर उठायचीच नाही."

"आई, सगळ्या गावाची हीच रड आहे."

"गावाचं मला सांगू नकोस." मग सुनेकडे न बघताच त्या म्हणाल्या, "जा, तुझं ते घेऊन ये."

मारीझने आपल्या पिंपातून जग भरून आणला. युगेतबाईंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि डोळे मिटून बसल्या. मग जॅमच्या पाण्यात त्यांनी स्वतःच्या हाताने थोडं मिसळलं. चव घेतली. आणखी मिसळलं. पुन्हा चव घेतली, आणि ताठ बसल्या.

"उभी राहिली," त्या म्हणाल्या.

"म्हणजे, आई?" मारीझने विचारलं.

"म्हणजे मी इतकी वर्षं चुकले. दुसऱ्यांदा म्हणणार नाही, आत्ताच नीट ऐकून ठेव. रेमी, नवं लेबल छापायला सांग. माझं काचेत लाव."

ती वाईन तळघरात तीन हिवाळे निजली. युगेतबाई तोवर टिकतील का, अशी सगळ्यांना धास्ती. त्या टिकल्या. जानेवारीत द्राक्षवाल्यांचे संत व्हिन्सेंट यांच्या सणाला गाव मिरवणुकीने चर्चमध्ये गेलं. प्रत्येक घराची नवी बाटली पुढे ठेवून नाव पुकारायचं काम यंदा गास्तोंकडे होतं. मारीझने वडिलांचा रविवारचा मफलर गळ्यात घातला होता.

गास्तोंने बाटली उचलली आणि सवयीने मोठ्याने पुकारलं, "बार्देल-कोले!"

पहिल्या बाकावरून काठी आपटल्याचा आवाज आला.

"चष्मा लाव, गास्तों!" युगेतबाई कडाडल्या. "लामी आहे ते. बार्देल-लामी! आणि फेर्नां लामीपर्यंत ऐकू जाईल असं पुकार, तो बाहेर भिंतीपलीकडेच आहे."

गास्तोंने छाती भरून पुकारलं. चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, पण त्या दिवशी वाजल्या. नंतर बाहेर अंगणात नव्या बाटल्या उघडल्या, तेव्हा ग्लास हातात घेऊन गास्तोंने मारीझला हळूच बाजूला घेतलं.

"मारीझ, तुझ्या शेजारचा उत्तरेचा एखादा तुकडा कुणी सोडणार आहे का गं?"

"सॅलडसाठी?" मारीझने विचारलं, आणि त्याचा ग्लास काठोकाठ भरला.