घर मांडून देणारी पंचफुला

पंचफुलामावशीचा एका गोष्टीत हातखंडा होता. रिकामं घर ती भरलेलं करून दाखवायची. हिवरखेडातल्या आमच्या बौद्ध वस्तीत कुणाच्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे म्हटलं की आधी मावशीला बोलावणं जाई. जमुनाकडचं पितळी घंगाळ, देवमनची सतरंजी, जानरावची सायकल, सगळं त्या घरात येऊन बसे. सोयरीक जुळली की सामान मुकाट्यानं आपापल्या घरी. यात लबाडी आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मावशी स्वतः विधवा, लोकांचा कापूस वेचून ती आणि तिची लेक शालू दिवस काढत.

वस्तीला पाणी नव्हतं. नाल्याच्या वाळूत खड्डा उकरून बायका वाटीवाटीनं हंडा भरत. विहिरीसाठी आम्ही अर्ज करून थकलो होतो, आणि त्यातच बासष्ट साली तेल्हाऱ्याहून सर्वेवाले साहेब आले. लोक कसे राहतात, काय खातात, घरात काय आहे, ते पाहायला. मावशीनं तेच केलं, जे ती नेहमी करायची. साहेब एका घरात बसले की पुढच्या घरी मागच्या दारानं घंगाळ पोहोचे, मागोमाग सायकल. दूध घेता का, असं विचारलं तर मावशीच म्हणे, "घेतो ना साहेब, दोन्ही टाइम." वस्तीत तेव्हा शेळीसुद्धा नव्हती.

"परक्यापुढं आपली लाज कावून काढावी?" असं ती म्हणाली आणि आम्हाला ते पटलं. आम्ही काय कमी शहाणे!

दिवाळीनंतर ग्रामसेवकानं येऊन सांगितलं. सर्वेत सगळ्यात हलाखीची जी वस्ती निघेल तिला सरकारी विहीर मिळणार होती, ती दुसऱ्या गावाला गेली. आमची वस्ती म्हणे खाऊनपिऊन सुखी. मावशीला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोललं असतं तर तिला बरं वाटलं असतं. बायका उठायच्या आधीच ती पाणी आणू लागली, आणि वाटेत कुणी दिसलं की पदर पुढं ओढून घेई.

शेवटी ती एकटीच एसटीनं तेल्हाऱ्याला गेली. आम्ही गरीब आहोत, परत येऊन पाहा, एवढं सांगायला. साहेबाला हसू आलं म्हणे. पण तो आला.

या वेळी मावशीच त्याला घरोघर घेऊन फिरली. "थे घंगाळ जमुनाचं होतं साहेब. या घरात निस्ते गाडगे हायेत." त्या त्या घरची बाई भिंतीकडं तोंड करून उभी राही. काल काय खाल्लं, असं साहेबानं विचारलं की मावशीच सांगून टाकी, "आंबील." "भाकर अन् मीठ." आवाज खणखणीत, पण मान वर होत नव्हती. मला त्या दिवशी तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. ज्या घरांना तिनं सजवलं तीच ती उघडी करत चालली होती, आणि त्यात आमचंही घर होतं.

सगळ्यात शेवटी तिचं घर आलं. साहेबानं तोच प्रश्न केला.

"आमी दोघी मायलेकीनं भाकर खाल्ली," ती म्हणाली.

शालू चुलीपाशी बसली होती. "मी खाल्ली, साहेब," ती म्हणाली. "मायनं नाई खाल्ली. रोज मले सांगते का मी पहिलेच जेवली म्हून. जेवत नाई थे."

साहेबानं लिहून घेतलं आणि तो निघाला. पुढं विहीर मंजूर झाली. मावशी मात्र त्या दिवशी साहेब निघाला तशी दारातच खाली बसली. साऱ्या वस्तीचं खोटं तिनं आपल्या तोंडानं मोडलं होतं, पण हे एक खोटं लेकीला खरं वाटतं, अशी तिची खात्री होती.