सगळ्यांना एकच उत्तर

शीला साखरशेतची. जव्हारच्या बाजारात एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करते. आयआरसी नावाच्या, नुसत्या अक्षरांत चालणाऱ्या जुन्या चॅटवर मराठी शुद्धलेखनाचा प्रोग्राम बनवणाऱ्यांचं एक चॅनेल होतं. तिथे तिला मोखाड्याच्या गोरखने आणलं, आणि ती प्रोग्रामसाठी शब्द तपासून द्यायला लागली. चॅनेलचा ऑपरेटर तोच. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, सगळं त्याच्या हातात.

लोक चॅनेल सोडून शीलाला खासगीत गाठायचे. कोणी कामाचं विचारी, कोणी लग्न झालंय का म्हणून. सगळ्यात जास्त गोरख. ‘ऑनलाइन दिसतेस, मग उत्तर का नाही? कोणाशी बोलतेस?’

शीलाचं डोकं फिरलं. तिने स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, लिहिली. खासगी मेसेज आला की उत्तर आपोआप जायचं : ‘मी खासगी मेसेज वाचत नाही. चॅनेलवर विचारा.’ समोरूनही आपोआप उत्तर आलं तर दोन मशीनच बोलत बसतील, म्हणून एका माणसाला तासातून एकदाच, अशी अट घातली.

गोरखला ते उत्तर गेलं. त्याने शिवी हाणली. पलीकडून काहीच नाही. मग त्यानेही स्क्रिप्ट केली, ‘माजलीस’ हा एकच शब्द तिला सारखा पाठवणारी. तो मारा बघून सर्व्हरने त्यालाच बाहेर फेकलं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात घुसला. “माझ्यावर मशीन सोडतेस?”

“गोरखदादा, तुझं नावच नाही त्यात. सगळ्यांना तेच उत्तर जातं.”

“मला सगळ्यांत बसवलंस? तुला तिथं आणली कोणी?”

“तूच आणलीस. म्हणून काय विकत घेतलीस?”

“माफी माग. चॅनेलवर, सगळ्यांदेखत.”

“माझ्याकडं तुझे सगळे मेसेज आहेत, गोरख. ते टाकू चॅनेलवर?” तिने ‘दादा’ गाळलं, ते त्याला कळलं. समोरची खुर्ची लाथेने उडवून तो निघून गेला.

संध्याकाळी शीलाला चॅनेलवर जाताच येईना. त्याने तिचा प्रवेश कायमचा बंद केला होता. तिने तपासलेले शब्द मात्र त्याने ठेवून घेतले. शीलाला राग आला, रडूही आलं. मग तिने त्याचे मेसेज चॅनेलवरच्या एकेकाला खासगीत पाठवून दिले. चौघं चॅनेल सोडून गेले. बाकीचे म्हणाले, तुमची आपसातली भांडणं इथं नकोत.

परवा जव्हारच्या स्टँडवर दोघं समोरासमोर आले. तो तिच्या चपलेजवळ थुंकला. शीलाने पाय मागे घेतला नाही.