शर्यतीच्या गाडीला सुतळी

बहात्तरच्या दुष्काळात मी मुरुम गावच्या खरेदी-विक्री संघात मेस्त्री होतो. संघाची एक जीप आणि दोन ट्रॅक्टर माझ्याकडं होते. नांगरायला ओल नव्हती, त्यामुळं ट्रॅक्टर ठणठणीत होते. जीप मात्र चेअरमनसाहेब दुष्काळाची पाहणी करायला रोज नेत.

त्या उन्हाळ्यात साहेबांचे जावई पुण्याहून आले. लाल, बुटकी, बिनटपाची, दोघांपुरती मोटार घेऊन ते मद्रासकडं शर्यतीला निघाले होते. वाटेत एका खड्ड्यात आपटून पुढची चाकं बिघडली होती. स्टेअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडं जायची.

साहेब म्हणाले, "आपल्या मेस्त्रीला सांगा. आयटीआय झालाय सोलापूरला."

जावईबापूंजवळ इंग्रजी पुस्तक होतं. त्यातली आकृती दाखवत ते म्हणाले, "पुढच्या चाकांचे माथे थोडे आत झुकलेले पाहिजेत. वळणावर गाडी कलते, भार बाहेरच्या चाकावर येतो. तेव्हा टायर रस्त्यावर सपाट बसला पाहिजे. आणि चाकांची तोंडं केसभर बाहेर."

"जीपची आत ठेवतो आम्ही."

"जीप शर्यतीला जात नाही."

साहेबांची जीप पाहणीहून जेवायला कशी परतते ते जावईबापूंनी पाहिलं नव्हतं.

या कामाला सपाट फरशी लागते. सगळ्या तालुक्यात तशी फरशी एकच, संघाच्या गोदामाची. धान्य नसल्यानं ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोकळी होती. सहकाराचा एवढा उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला. नळीत पाणी भरून फरशीची पातळी तपासायची होती. तांब्याभर पाणी मागायला मला लाज वाटली, पण सकाळीच दोन घागरींनी ती गाडी धुतली होती असं कळलं आणि लाज गेली.

चाकांची तोंडं मोजायला गाडीच्या दोन्ही अंगांना मी सुतळ्या ताणल्या. पण माप घेताना चालवणाऱ्याचं वजन गाडीत पाहिजे, असं पुस्तकात होतं. जावईबापूंची दुपारच्या झोपेची वेळ झालेली. गोदामाच्या काट्यावर ते ब्याण्णव किलो भरले आणि झोपायला गेले. त्यांच्याऐवजी दुष्काळी कामावरून खडी फोडणारा एक माणूस बोलावला, तो एकट्यानं निम्माही भरेना. शेवटी त्याच कामावरच्या दोघी जावा आल्या. दोघी मिळून आणि खडीचा हातोडा धरून काटा ब्याण्णववर आला. त्या एकाच सीटमध्ये आरामात मावल्या.

साहेब म्हणाले, "हजेरी लावतो दोघींची. बसल्या जागी."

मी ओळंबा सोडून चाकाचा कल बघत होतो, पत्र्याच्या पातळ चकत्या घालत-काढत होतो. थोरली जाऊ म्हणाली, "मेस्त्री, ही गाडी कुठं चालली?"

"मद्रासला. पळायला."

"पळून कुठं जाती?"

"गोल फिरून जिथनं निघाली तिथंच येती."

तिनं जरा विचार केला. "मग निघायचंच कशाला?"

धाकटी सावलीत बसल्या बसल्या झोपली होती. मी हळूच काम करू लागलो आणि मुद्दाम एक माप दोनदा घेतलं.

संध्याकाळी जावईबापू मला शेजारी बसवून गावाबाहेरच्या दुष्काळी कामाच्या रस्त्यावर निघाले. पहिल्याच वळणावर गाडी अशी वळली, जसा पाण्यात मासा वळतो. खोटं कशाला बोलू, मला लई आनंद झाला. पुढं रस्ता संपला. मंजुरी तिथवरच होती. जावईबापूंना पुण्यात असे संपणारे रस्ते ठाऊक नसावेत. पुढचं चाक खडीच्या ढिगावर चढलं.

मजुरांनी हातोडे ठेवून गाडी उचलून बाहेर काढली. जावईबापू म्हणाले, "रस्ता कोणी बांधला हा?" बांधणारे सगळे समोरच उभे होते.

दुसऱ्या दिवशी सुतळ्या पुन्हा ताणल्या. दोघी जावा पुन्हा आल्या. थोरली म्हणाली, "बापूंना सांगा, रोज आपटा म्हणावं."

गाडी गेली आणि पंधरा दिवसांनी परत आली. शर्यतीत पाचव्या फेरीला इंजिन तापून बंद पडलं होतं. साहेबांनी चार माणसांत सांगितलं, "आपल्याच मेस्त्रीनं चाकं नीट लावली न्हाईत."

इंजिनाचा आणि चाकांचा संबंध काय, हे मी विचारलं नाही. नोकरी होती. गाडीजवळ बसलो आणि पुढच्या टायरांवर तळवा फिरवला. दोन्हीही आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत सारखे झिजले होते. चाक चुकीचं लावलं असतं तर एक कड जळून गेली असती.

"साहेब," मी म्हणालो, "इथं एकदा हात लावून बघा."

साहेबांचं धोतर नुकतंच धुतलेलं होतं. ते वाकले नाहीत. जावईबापू मात्र वाकले. त्यांनी बराच वेळ हात फिरवला, मग सासऱ्यांकडं न बघता म्हणाले, "चाकं बरोबर होती."